नेमबाजीच्या रायफलीत कॅलिबरची निवड : सर्व्हिस रायफल स्पर्धांचा दाखला

बंदुकीच्या नळीचा आतील व्यास, म्हणजेच तिचे कॅलिबर, हा रायफलीसंबंधीचा सर्वांत ठळक परंतु तितकाच फसवा आकडा होय. मोठी गोळी अधिक जोराने आदळते. तेव्हा ती नेमासही अधिक उपयुक्त असली पाहिजे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. युद्धात वा शिकारीत आघाताच्या जोरास महत्त्व असते; कागदी लक्ष्यावर मात्र छिद्र योग्य जागी पडावे एवढीच अपेक्षा असते. हा भेद दृष्टीआड झाल्यास निवड कशी चुकते, हे अमेरिकेतील सर्व्हिस रायफल स्पर्धांच्या इतिहासावरून चांगले कळून येते.

या राष्ट्रीय स्पर्धा १९०३ साली सुरू झाल्या आणि १९०७ पासून ओहायओ राज्यातील, ईरी सरोवराच्या काठी असलेल्या कॅम्प पेरी येथील मैदानाशी त्यांचे नाव निगडित झाले. स्पर्धकाने सैन्यात रूढ असलेल्या नमुन्याची रायफल वापरावयाची असते. १९३६ मध्ये स्वीकृत झालेली एम-१ गॅरंड ही ०.३० इंची, १९५७ मधील एम-१४ ही ७.६२ मिलिमीटरची, तर तिच्यामागून आलेली एम-१६ ही ५.५६ मिलिमीटरची. तिन्ही नमुन्यांच्या स्पर्धेतील रायफली अर्धस्वयंचलित असतात. म्हणजे चापाच्या प्रत्येक दाबास एकच गोळी सुटते व पुढील काडतूस दारूच्या वायूच्या बळावर आपोआप भरले जाते. सैन्याची निवड नेमबाजीच्या निकषांवरच होते असे नाही. गॅरंड रायफल ०.२७६ इंची काडतुसासाठी तयार होत असता १९३२ मध्ये सेनाप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी ते नाकारले, ते मुख्यतः ०.३० इंची काडतुसांचा साठा व यंत्रसामग्री हाताशी होती म्हणून.

स्पर्धेत २०० यार्डांवर उभ्याने सावकाश, २०० व ३०० यार्डांवर अनुक्रमे ६० व ७० सेकंदांत १० गोळ्या जलद, आणि ६०० यार्डांवर पालथे पडून सावकाश नेम साधावा लागतो. जलद माऱ्यात प्रतिक्षेप, म्हणजे खांद्यास बसणारा धक्का, निर्णायक ठरतो. ७.६२ मिलिमीटरची सुमारे ११ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास ७९० मीटर वेगाने सुटते. जळालेल्या दारूचा वायू हिशेबात धरता रायफलीस मिळणारा संवेग सुमारे १२ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. ५.५६ मिलिमीटरच्या ५ ग्रॅमच्या गोळीबाबत तो जेमतेम ६ भरतो. रायफलीचे वजन समान धरल्यास तिचा मागे येण्याचा वेग निम्मा होतो; आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चतुर्थांशावर येते. सुमारे १४ ज्यूलऐवजी साडेतीन ज्यूलचा धक्का सोसणाऱ्या नेमबाजाची नळी लक्ष्यावर लवकर परतते, आणि धक्क्याच्या धास्तीने चाप हिसकण्याची सवयही त्यास सहसा लागत नाही.

मग लहान कॅलिबर प्रथमपासूनच का स्वीकारले गेले नाही? याचे उत्तर ६०० यार्डांवर मिळते. आडव्या वाऱ्यामुळे होणारे विचलन हे गोळीच्या उड्डाणकालावर नव्हे, तर विलंबकालावर अवलंबून असते. निर्वात पोकळीत लागला असता त्याहून जितका अधिक वेळ हवेतून जाताना गोळीस लागतो, तो तिचा विलंबकाल. त्यास वाऱ्याच्या आडव्या वेगाने गुणले की विचलन मिळते. या नियमाचा एक चमत्कारिक परिणाम ०.२२ इंची रिमफायर काडतुसांत दिसतो. त्यांतील ध्वनीहून अधिक वेगाने सुटणारी गोळी मंद गोळीपेक्षा वाऱ्याने अधिक ढळते. कारण ध्वनिवेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो. पॅरिस येथे २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळे यांनी ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात याच जातीचे मंद काडतूस वापरले जाते. मात्र तेथील रायफल एकेक काडतूस भरण्याची असते.

एम-१६ ची आरंभीची ५५ ग्रेनची गोळी अतिशय वेगवान, परंतु आखूड व हलकी असल्यामुळे तिचा वेग झपाट्याने घटे. ६०० यार्डांवर तिचा विलंबकाल मोठ्या गोळीच्या दुपटीच्या जवळ जाई. लांब व जड गोळी वापरावी, तर ती स्थिर राहण्यासाठी नळीतील मळसूत्री खाचांनी तिला अधिक वेगाने फिरविले पाहिजे. आणि त्या नळीत १२ इंचांत एकच वेढा होता. १९८० नंतर ७ इंचांत एक वेढा देणारी नळी सैन्यात आली. तेव्हा ८० ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांचा मार्ग मोकळा झाला, आणि १९९० च्या दशकात लष्करी संघांनी एम-१६ हाती घेताच एम-१४ चे वर्चस्व ओसरले. ८० ग्रेनच्या गोळीचे काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. परंतु ६०० यार्डांवर ते एकेक भरता येते.

या गोळीचा व ७.६२ मिलिमीटरच्या १६८ ग्रेनच्या गोळीचा ६०० यार्डांवरील विलंबकाल जवळजवळ सारखाच, सुमारे एक पंचमांश सेकंद, असतो. त्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या १५ सेंटिमीटर आहे. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात सेकंदास पाऊण मीटरची चूक झाली, तर अचूक मध्यावर धरलेला नेमही दहाच्या काठावर जातो. येथे दोन्ही कॅलिबरे समान ठरतात. धक्क्यात मात्र लहान कॅलिबर सरस राहते. तथापि साऱ्या यशाचे श्रेय कॅलिबरास देणे युक्त नव्हे. एम-१४ ची यंत्रणा लाकडी दस्त्यात घट्ट बसविण्याचे काम पुनःपुन्हा करावे लागे. एम-१६ ची नळी दस्त्याच्या दाबापासून मुक्त ठेवणे त्या मानाने सोपे होते.

६ व ६.५ मिलिमीटरची नवी काडतुसे विलंबकाल आणखी घटवितात, परंतु अधिक दारू अरुंद नळीतून जळत गेल्याने नळी लवकर झिजते. सारांश, निवड एका व्यासाची नसून गोळीची लांबी, नळीचा वेढा, मॅगझिनची मर्यादा, स्पर्धेचे नियम व नेमबाजाचा खांदा या सर्वांच्या मेळाची आहे. ५.५६ मिलिमीटर हा आकडा १९६० च्या दशकात होता तोच १९९० च्या दशकातही होता. बदलला तो त्याच्या भोवतीचा मेळ.