विश्लेषण : कार्डावर ८० हजार पॉइंट, तरी क्रूझचे तिकीट का निघत नाही?

क्रेडिट कार्डाच्या ॲपमध्ये ‘८०,००० रिवॉर्ड पॉइंट’ हा आकडा दिसला की अनेकांना ते ८० हजार रुपयेच वाटतात. त्यातच सुट्टीच्या हंगामात मुंबई-गोवा क्रूझच्या जाहिराती मोबाइलवर झळकू लागतात. आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला समुद्रसफर घडवू, तिकिटाचे पैसे पॉइंटमधून भागतील, असा बेत घरात ठरतो. प्रत्यक्ष बुकिंगला बसल्यावर मात्र बँकेच्या पोर्टलवर विमान दिसते, हॉटेल दिसते, क्रूझ दिसतच नाही. दिसली तरी ८० हजार पॉइंटची किंमत २० हजार रुपये निघते. असे का होते, नियम काय आहेत आणि पॉइंट वाया न घालवता सहल कशी आखावी, याविषयी...

क्रूझचा विषय आता का?

सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेसच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या आणि क्रूझ ही परदेशात जाऊनच करायची गोष्ट राहिली नाही. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. मुंबईतून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जहाजाने जाणे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागले आहे. त्याच काळात शहरी घरांत क्रेडिट कार्डही रुळले. या दोन्हींची गाठ रिवॉर्ड पॉइंटपाशी पडते आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

एका पॉइंटची किंमत नेमकी किती?

याचे एकच उत्तर नाही. पॉइंट म्हणजे चलन नव्हे, ती बँकेने दिलेली सवलत आहे. पॉइंट कुठे वटवला यावर त्याची किंमत ठरते. साधारणपणे विमान तिकीट आणि हॉटेलसाठी दर सर्वाधिक मिळतो. गिफ्ट व्हाउचर, वस्तूंचा कॅटलॉग आणि कार्डाच्या बिलातून थेट वजावट यांना त्याहून कमी दर मिळतो. कार्ड बदलले की हे दरही बदलतात. एकाच बँकेच्या दोन कार्डांवरील पॉइंटची किंमत वेगळी असू शकते.

उदाहरणार्थ, एखाद्या कार्डावर विमान तिकिटासाठी एका पॉइंटला ५० पैसे आणि इतर खरेदीसाठी २५ पैसे मिळतात असे समजू. मग ८० हजार पॉइंटची किंमत विमानासाठी ४० हजार रुपये आणि इतर ठिकाणी फक्त २० हजार रुपये भरते. क्रूझ बहुतेकदा ‘इतर’ या रकान्यात जाते. अपेक्षाभंगाचे पहिले कारण हेच.

क्रूझ हा ‘प्रवास’ नाही का?

प्रवाशाच्या लेखी आहे, कार्डाच्या यंत्रणेत तो वेगळ्या खणात बसतो. कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला चार अंकी ‘मर्चंट कॅटेगरी कोड’ दिलेला असतो. जहाज व क्रूझ कंपन्यांचा कोड ४४११, विमान कंपन्यांचा सर्वसाधारण कोड ४५११ आणि ट्रॅव्हल एजन्सीचा ४७२२ आहे. ‘प्रवासावर पाचपट पॉइंट’ अशी जाहिरात असली तरी अटींमध्ये त्या ‘प्रवासा’त फक्त विमान आणि हॉटेल धरलेले असू शकते.

त्यामुळे एकाच सहलीचे दोन वेगळे परिणाम होतात. क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावर थेट पैसे भरले तर व्यवहार एका कोडखाली नोंदवला जातो, एजंटमार्फत भरले तर दुसऱ्या. मिळणारे पॉइंट त्यानुसार कमी-जास्त होतात. बँकेच्या पोर्टलवरून बुकिंग केल्यास तिसराच नियम लागू होऊ शकतो. बुकिंगपूर्वी ग्राहक सेवेला विचारताना ‘प्रवासावर पॉइंट मिळतात का’ असे मोघम विचारून उपयोग नसतो. ‘४४११ या कोडवर मिळतात का’ असे विचारले तर उत्तर नेमके मिळण्याची शक्यता वाढते.

पॉइंट वटवण्याचे मार्ग कोणते?

भारतीय कार्डधारकापुढे साधारण चार मार्ग असतात.

बँकेचे पोर्टल : काही पोर्टलवर पॉइंट आणि रोख अशी मिश्र रक्कम भरता येते. पण एका बुकिंगचा किती टक्के भाग पॉइंटमधून भरता येईल आणि महिन्याला किती पॉइंट वापरता येतील, यावर मर्यादा असते. पूर्ण तिकीट पॉइंटमधून निघेल असे गृहीत धरू नये.

गिफ्ट व्हाउचर : प्रवासी कंपनीचे व्हाउचर घेऊन त्यातून क्रूझ बुक करण्याचा मार्ग सोपा वाटतो. पण ते व्हाउचर क्रूझवर चालते का, एका बुकिंगला किती व्हाउचर लावता येतात आणि मुदत किती, हे आधी पाहावे लागते. व्हाउचर एकदा तयार झाले की पॉइंट सहसा परत मिळत नाहीत.

एअरलाइन किंवा हॉटेलच्या योजनेत पॉइंट वळवणे : काही कार्डांवर ही सोय असते. त्यातून क्रूझ मिळण्याची उदाहरणे मोजकी आणि महागड्या जहाजांची आहेत. उदाहरणार्थ, मॅरियट बॉनवॉयचे पॉइंट रिट्झ-कार्लटन यॉट कलेक्शनच्या सफरींसाठी वापरता येतात. वळवलेले पॉइंट पुन्हा कार्डावर आणता येत नाहीत.

बिलातून वजावट : क्रूझचे पैसे कार्डाने भरायचे आणि नंतर पॉइंट बिलात वळते करायचे. यात कटकट सर्वांत कमी, पण दरही बहुतेकदा सर्वांत कमी. या वजावटीला अनेक बँका ‘किमान देय रकमेचा भरणा’ मानत नाहीत. म्हणजे पॉइंट वापरले तरी बिल मुदतीत भरावेच लागते.

याशिवाय अनेक बँका प्रत्येक वेळी पॉइंट वटवण्याचे शुल्क घेतात. ९९ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर एका वेळचा खर्च सुमारे ११७ रुपये होतो. थोडेथोडे पॉइंट अनेकदा वटवणे म्हणूनच परवडत नाही.

समाजमाध्यमांवरील सल्ले का लागू पडत नाहीत?

‘पॉइंटवर फुकट क्रूझ’ सांगणारे बरेच व्हिडीओ अमेरिकेतील असतात. तिथे रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल यांसारख्या क्रूझ कंपन्यांची बँकांसोबतची स्वतंत्र कार्डे आहेत. त्यांचे पॉइंट थेट त्या कंपनीच्या तिकिटावर किंवा जहाजावरील खर्चावर वापरता येतात. मुंबईतील बँकेच्या सर्वसाधारण कार्डाला ते गणित लावले की हिशेब चुकतो. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने सांगितलेली युक्ती पुण्यातील वडिलांच्या कार्डावर चालेलच असे नाही.

जाहिरातीतील भाडे आणि अंतिम बिल यांत फरक का?

क्रूझचे भाडे सहसा माणशी आणि एका केबिनमध्ये दोघे धरून सांगितले जाते. एकटा प्रवासी असेल तर जादा आकार लागतो. मूळ भाड्याखेरीज बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर वेगळे असतात. अनेक योजनांत पॉइंट फक्त मूळ भाड्यावर चालतात, बाकी रक्कम कार्डाने किंवा रोखीने भरावी लागते. परदेशी क्रूझ भारतातील विक्रेत्याने ‘ओव्हरसीज टूर पॅकेज’ म्हणून विकली तर त्यावर टीसीएसही आकारला जातो. ही रक्कम पॅन क्रमांकावर जमा होते आणि विवरणपत्र भरताना तिचा दावा करता येतो. तूर्त मात्र ती खिशातूनच जाते.

जहाजावर चढल्यानंतरचा खर्च हा आणखी एक धक्का. बहुतेक जहाजांवर प्रवाशाला एक कार्ड मिळते. तेच केबिनची किल्ली आणि तेच खर्चाचे खाते. पेये, वाय-फाय, स्पा, किनाऱ्यावरील सहली हे सारे त्यावर चढते आणि शेवटी क्रेडिट कार्डातून वसूल होते. बँकेचे पॉइंट तिथे चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय जहाजांवर हा हिशेब बहुधा डॉलरमध्ये असतो. त्यावर बरीच भारतीय कार्डे ३.५ टक्क्यांपर्यंत परकीय चलन शुल्क आणि वर जीएसटी लावतात.

प्रत्यक्ष हिशेब कसा बसतो?

समजा, चौघांच्या कुटुंबाने दोन केबिन घेतल्या. मूळ भाडे ८४ हजार, शुल्क व कर ३६ हजार, असे एकूण १ लाख २० हजार रुपये झाले. जवळ ८० हजार पॉइंट आहेत. २५ पैसे दराने ते क्रूझवर वटवले तर २० हजार रुपये कमी होतात आणि १ लाख रुपये कार्डावर चढतात.

आता दुसरा पर्याय पाहू. सहल एकेरी आहे, म्हणजे जाताना जहाज आणि गोव्याहून परत विमान. चार विमान तिकिटांचे प्रत्येकी ५ हजारप्रमाणे २० हजार रुपये होतात. ५० पैसे दराने यासाठी ४० हजार पॉइंट पुरतात. बचत तितकीच, २० हजारांची, आणि निम्मे पॉइंट शिल्लक! क्रूझचे पैसे रोख किंवा बचतीतून भरायचे आणि पॉइंट विमान-हॉटेलसाठी ठेवायचे, हे सूत्र अनेकदा फायद्याचे ठरते. सिंगापूर किंवा दुबईहून सुटणाऱ्या क्रूझला तर ते अधिकच लागू पडते, कारण तिथे विमानाचा खर्च मोठा असतो.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. कार्डावर चढलेले १ लाख रुपये मुदतीत पूर्ण भरले नाहीत तर महिन्याला ३.५ टक्के दराने सुमारे ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर ६३० रुपये जीएसटी, असे ४,१३० रुपये लागतात. थकबाकी तशीच राहिली तर पाच महिन्यांच्या आत २० हजारांचा सारा लाभ व्याजात जातो. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरही व्याजमुक्त मुदत मिळत नाही.

सहल रद्द झाली तर पॉइंट परत मिळतात?

हे बुकिंगच्या अटींवर अवलंबून असते. क्रूझमध्ये निघण्याची तारीख जितकी जवळ, तितकी रद्द करण्याची वजावट जास्त. वजावटीनंतर उरलेली रक्कम परत येते, पण पॉइंटचा भाग वेगळ्या गतीने येतो. त्या पॉइंटची मुदत मधल्या काळात संपली असेल तर ते परत येऊनही उपयोगाचे राहत नाहीत. बुकिंगवर मिळालेले नवे पॉइंटही काढून घेतले जातात. अरबी समुद्रातील सफरी पावसाळ्याच्या तोंडाशी हवामानावर अवलंबून असतात. त्यामुळे मार्ग किंवा बंदर बदलल्यास परतावा मिळतो की नाही, हे कलम आधी वाचलेले बरे.

कार्ड बंद करण्यापूर्वीही पॉइंट वापरून टाकावेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सर्व थकबाकी भरलेली असल्यास कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असते. कार्ड बंद झाल्यावर शिल्लक पॉइंट बहुतेक बँका रद्द करतात.

‘पॉइंट आज संपणार’ हा संदेश खरा असतो का?

‘तुमचे ९,८५० रुपयांचे पॉइंट आज रात्री संपणार, लिंकवर क्लिक करा’ अशा संदेशांनी अनेकांची खाती रिकामी झाली आहेत. लिंकवरून बनावट पान उघडते किंवा ‘एपीके’ फाइल डाउनलोड होते. मग कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही आणि ओटीपी चोरांच्या हाती जातो. पॉइंटची शिल्लक आणि मुदत फक्त बँकेच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा मासिक बिलात पाहावी. फसवणूक झाल्यास कार्ड तातडीने ब्लॉक करून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे असतात.

तक्रार कुठे करायची?

पॉइंट कापले गेले पण बुकिंग झाले नाही, अशा वेळी आधी बँकेकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस’ पोर्टलवरून विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वाद क्रूझ कंपनीशी किंवा प्रवासी एजंटशी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ उपयोगी पडते. पॉइंटचा दर दाखवणारे पान, अंतिम बिल आणि अटी यांचे स्क्रीनशॉट बुकिंगच्या वेळीच जपून ठेवलेले असतील तर बाजू भक्कम होते.

बुकिंगपूर्वी काय तपासावे?

- क्रूझसाठी एका पॉइंटला किती पैसे मिळतात आणि विमान-हॉटेलसाठी किती?
- बुकिंगच्या किती टक्के रकमेला पॉइंट चालतात? कर आणि बंदर शुल्काला चालतात का?
- पॉइंट वटवण्याचे शुल्क किती आणि पॉइंटची मुदत कधी संपते?
- रद्द केल्यास पॉइंट परत येतात का, किती दिवसांत?
- उरलेली रक्कम पुढच्या बिलात पूर्ण भरता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर क्रूझ पुढच्या हंगामापर्यंत थांबू शकते. मुदत बाकी असेल तर पॉइंटही थांबतात. कार्डावरचे व्याज मात्र थांबत नाही.