शून्याची ओळ

वैद्यकातील आकडेवारीला गणित लावण्याच्या विद्येचा आढावा घ्यावयाचा म्हटले, की हल्लीचे लेखक बहुधा दहा वर्षांमागे मुक्काम टाकतात आणि तेथूनच पुढे निघतात. जणू त्यापूर्वी दवाखान्यांत नुसती नाडी पाहिली जात होती आणि विद्यापीठांत नुसते पाढे म्हटले जात होते. विद्यापीठांकडून निघणाऱ्या संशोधकपदांच्या जाहिराती वाचल्या तरी हाच ग्रह होतो. गणितात वा संगणकशास्त्रात पीएच.डी., आज्ञावली लिहिण्याचा सराव, नामांकित परिषदांतून वाचलेले निबंध, एवढा सरंजाम ज्याच्यापाशी आहे त्याने आरोग्याच्या क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग करण्यास यावे, आकडे आम्ही पुरवू, असा एकंदर मजकूर असतो. ते आकडे कोणी लिहिले, कोणत्या घाईत लिहिले, आणि वहीत जे मुळी आलेच नाहीत त्यांचे काय, याविषयी जाहिरातीत चकार शब्द नसतो. या विद्येशी माझा जन्माचा संबंध जडला तो यांतल्या शेवटच्या प्रश्नामुळे, आणि पुढील आढाव्यात तोच वारंवार डोके वर काढील, अशी वाचकांनी आधीच खूणगाठ बांधून ठेवावी.

आरंभीचा इतिहास सर्वश्रुत आहे, तेव्हा तो झपाट्याने उरकतो. लंडनच्या मृत्युपत्रकांवरून ग्रॉन्टने १६६२ साली आपली निरीक्षणे छापली. देवी टोचून घेतल्यास सरासरी आयुष्य किती वाढेल याचा हिशेब डॅनिएल बर्नुली याने १७६० साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडला आणि द'आलांबेरने त्यावर सडकून टीका केली. नाइटिंगेलबाईंनी क्रिमियातील सैनिकांच्या मरणाचे चक्राकार आलेख काढून सरकारला खडबडून जागे केले. विल्यम फार याच्यापाशी मात्र क्षणभर थांबणे अवश्य आहे. १८४८-४९ च्या पटकीत लंडनचा जो भाग थेम्सच्या पातळीपासून जितका उंच तितके तेथील मृत्यू कमी, असा नियम त्याने १८५२ च्या अहवालात सूत्रबद्ध केला, आणि सूत्राने दिलेले आकडे प्रत्यक्ष आकड्यांशी इतके तंतोतंत जुळले की कोणाही गणितज्ञाची मान डोलावी. कारण मात्र साफ चुकीचे होते. फारच्या मते नदीकाठची दूषित हवा मारीत होती. वास्तविक सखल भागांतील लोक घाण पाणी पीत होते. १८६६ च्या साथीत त्याने स्वतःच्याच आकडेवारीवरून पाण्याचा पक्ष मान्य केला, हा त्याचा मोठेपणा. परंतु वक्र सुंदर जुळला म्हणजे कारण हाती लागले, ही समजूत त्याच्यानंतर दीडशे वर्षे उलटली तरी आमच्या व्यवसायातून हद्दपार झालेली नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. साथरोगांच्या गणिताचा आद्यग्रंथ मानला जाणारा केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा निबंध १९२७ साली रॉयल सोसायटीच्या कामकाजात प्रसिद्ध झाला, आणि त्यात उदाहरणादाखल जो वक्र काढला आहे तो १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या अवधीत मुंबईत प्लेगाने दर आठवड्यास किती माणसे दगावली त्याचा आहे. हायपरबोलिक सेकंट या फलनाचा वर्ग, त्याला ८९० ने गुणलेले, असे ते समीकरण. मुंबईच्या चाळीचाळींतून निघालेल्या तिरड्या त्या घंटाकृती रेषेवर ठिपक्यांच्या रूपाने मुकाट्याने बसलेल्या दिसतात. सबंध जगाच्या विद्यार्थ्यांना हा आलेख पाठ असतो. लेखकांनी खाली काय लिहून ठेवले आहे ते फारसे कोणी वाचीत नाही. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगाची केवळ पडछाया होय, आपण गृहीत धरलेल्या गोष्टी काटेकोरपणे खऱ्या नाहीत, सबब हे समीकरण फार तर ढोबळ अंदाज समजावा, अशी कबुली त्या दोघांनी स्वतःच दिलेली आहे. २०२० च्या महासाथीत लाट अमुक तारखेला शिगेस पोहोचेल आणि तमुक तारखेला ओसरेल, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आमच्या काही बंधूंनी ही तळटीप नजरेखालून घातली असती तर पुष्कळ शाई वाचली असती.

मॅकेंड्रिक हा मूळचा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्याची उमेदीची वर्षे गेली, आणि प्रकृतीच्या कारणाने १९२० साली त्याला हिंदुस्थान सोडावा लागला. एडिंबरोत त्याला जोडीदार मिळाला तो प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेला केर्मॅक. परंतु माझ्या मते मॅकेंड्रिकचे खरे लेणे जगप्रसिद्ध वक्र नसून त्याच्या आदल्या वर्षी, १९२६ साली, एडिंबरोच्या गणितमंडळापुढे एकट्याने मांडलेल्या निबंधातील काही ओळींचा एक तक्ता होय; आणि ज्या विद्यार्थ्यांनी तीस-पस्तीस वर्षे माझी व्याख्याने सोसली त्यांना हा तक्ता माझ्या तोंडून झोपेतही ऐकू येत असेल.

हिंदुस्थानातील एका खेड्यात पटकी झाली. घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रोगी ८६. कचेरीतला कारकून येथेच लेखणी खाली ठेवील आणि चौथा हिस्सा गाव रोगाने ग्रासला असा शेरा मारून कागद वर पाठवील. मॅकेंड्रिकने आधी असे मानून पाहिले, की सगळ्या २२३ घरांना रोगाचा धोका सारखाच होता. तसे असते तर निव्वळ योगायोगाच्या नियमाने एकेक रोगी असलेली घरे ५८ च्या आसपास निघावयास हवी होती, आणि तीन रोगी असलेले घर एखाददुसरे. प्रत्यक्षात पहिली ३२ आणि दुसरी ६. मेळ बसत नाही. मग त्याने धाडस केले ते असे, की शून्याची ओळ, म्हणजे ती १६८ घरे, सरळ झाकून ठेवली, उरलेल्या चार ओळींनाच साक्षीला बोलावले आणि त्यांना विचारले, की तुमच्यासारखी विभागणी पडावयाची तर धोक्याच्या कक्षेत एकंदर घरे किती असावीत? उत्तर आले ९३. या ९३ पैकी ५५ घरांत रोग शिरला आणि ३८ घरे दैवाने वाचली. उरलेल्या १३० घरांचा त्या संसर्गाशी काडीचाही संबंध नव्हता. ती वाचली नाहीत, ती त्या डावातच नव्हती. यावरून त्याने तर्क केला, की गावात विहिरी अनेक असाव्यात आणि ९३ घरे एका दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. स्थानिक चौकशी झाली तेव्हा तशी विहीर खरोखरच निघाली.

वर्गात हे उदाहरण संपले, की मी मुलांना एकच गोष्ट विचारीत असे: मॅकेंड्रिकला विहिरीची कल्पना कोठून सुचली? समीकरणात विहीर नव्हती. ती सुचली, कारण या देशात त्याने डॉक्टरकी केली होती आणि खेड्यातले पाणवठे कसे वाटलेले असतात हे त्याला ठाऊक होते. वस्तीवस्तीची विहीर वेगळी का असते, हे समजण्यास तर गणिताची नव्हे, लाज वाटण्याची तयारी लागते. हा निबंध पुढे जवळजवळ चार दशके अडगळीत पडला. झाकलेल्या ओळीचा अंदाज दिसणाऱ्या ओळींवरून बांधण्याची जी रीत १९७७ नंतर संख्याशास्त्रात सर्वमान्य झाली आणि आजच्या यंत्रशिक्षणातही नित्य वापरली जाते, तिचे मूळ या खेड्यातल्या तक्त्यापर्यंत नेऊन पोहोचवणारे अभ्यासक मागाहून निघाले.

यापुढील चाळीस-पन्नास वर्षे मी एका परिच्छेदात संपवणार आहे. १९४८ ची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी, त्याच वर्षी सुरू झालेली फ्रेमिंगहॅमची पाहणी, रोगी किती काळ जगतो याचा हिशेब करण्याची १९५८ ची कॅप्लन-मायर यांची रीत आणि १९७२ ची कॉक्सची, हे सर्व पाठ्यपुस्तकांत आहे आणि पाठ्यपुस्तके ग्रंथालयांत आहेत. लीड्सच्या द डोम्बाल यांनी पोटदुखीच्या ३०४ रोग्यांचे निदान बेझच्या नियमाने संगणकाकडून करविले. संगणक शेकडा ९१.८ वेळा बरोबर ठरला, ज्येष्ठ डॉक्टर ७९.६ वेळा, आणि वर्तमानपत्रांना हवे ते मिळाले. मला त्यातील एवढेच मोलाचे वाटते, की ठरावीक प्रश्नावली नेमाने भरण्याची शिस्त लागली तेव्हा डॉक्टरांचेही निदान सुधारले, असे पुढे दिसून आले.

आपल्याकडची परंपरा नोंदींची, आणि तिच्याविषयी पुरेसे लिहिले गेलेले नाही. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची वही, आज तहसिलीच्या अभिलेख कक्षात फक्त जातीच्या दाखल्यासाठी उघडली जाते. तिच्या मृत्यूच्या रकान्यात पानोपानी 'ताप' एवढाच शब्द आढळतो, आणि त्या एका शब्दाखाली हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग असे सगळे एकाच चादरीखाली झोपलेले असतात. हा रकाना निदान काही प्रमाणात खुला करण्याची खटपट ज्यांनी केली, ते माझे नायक. डॉ. जस्सावालांच्या पुढाकाराने मुंबईत १९६० च्या दशकात देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ साली बार्शीला पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली, जेथे रोगी इस्पितळात येण्याची वाट न पाहता माणसे गावोगाव जाऊन त्याचा शोध घेऊ लागली. गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांत घरोघरी नवजात अर्भकांची शुश्रूषा आणि तुलनेसाठी ४७ गावे असा प्रयोग केला, आणि गावातल्याच बाया किती बारकाईने नोंदी ठेवू शकतात हे १९९९ च्या 'लॅन्सेट'मधून जगाने पाहिले. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे नाव येथे घ्यावयाचेच. एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, तेव्हा सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी असे धरू नये, या त्यांच्या म्हणण्यावर अर्थशास्त्रज्ञ दांडेकरांसारख्यांशी जो वाद झाला, तो दोन्ही बाजू छेदस्थानी काय घ्यावयाचे हे जाणणाऱ्या विद्वानांचा वाद होता. आज तसे भांडायलाही कोणी उरलेले नाही.

शून्याच्या ओळीचे सर्वांत ठळक अलीकडचे उदाहरण हिवतापाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता, की हिंदुस्थानात हिवतापाने वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात. महानिबंधकांच्या नमुना नोंदणीतील घरी जाऊन, मृताच्या आप्तांची जबानी घेऊन, ती दोन डॉक्टरांना स्वतंत्रपणे वाचावयास देऊन जो अभ्यास झाला, त्याने २०१० साली सत्तरीच्या आतले आकडे २,०५,००० वर नेले. संघटनेने आक्षेप घेतले, जबानीवरून तापाचे नाव ठरविणे अवघड हे मलाही मान्य आहे. परंतु या मृत्यूंपैकी शेकडा ८६ कोणत्याही दवाखान्यात झालेले नव्हते, ही गोष्ट आक्षेपांनी पुसली जात नाही.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. तिच्या सामर्थ्याविषयी मला संशय नाही. क्षयासाठी छातीची क्ष-किरण चित्रे वाचणारी यंत्रे मुंबईत घडली आहेत, आणि अशा यंत्रवाचनाला जागतिक संघटनेने २०२१ साली संमती दिली, ते योग्यच झाले. माझे भांडण आहे ते आमच्यातल्या एका पंथाशी, ज्याचे म्हणणे असे, की आकडे कोट्यवधी असले म्हणजे त्यांतल्या चुका परस्परांना खाऊन टाकतात. दोन्ही बाजूंना झुकणाऱ्या चुका खातात. एकाच बाजूला झुकणाऱ्या चुका आकडे वाढतील तशा अधिक ठाम होतात. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रोग्यांवरून शिकलेल्या यंत्राने निष्कर्ष काढला, की दमेकऱ्याला मृत्यूचा धोका कमी असतो. आकडे खरे होते: दमेकऱ्यांना तातडीने अतिदक्षता विभागात हलवीत असत, म्हणून ते जगत. २०१९ साली 'सायन्स'मध्ये दुसऱ्या एका यंत्राची झडती प्रसिद्ध झाली. आजार किती हे मोजण्याऐवजी त्याने उपचारावर खर्च किती झाला हे मोजले, आणि ज्या कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत आला होता ते त्याला निरोगी दिसले. थायलंडमधल्या दवाखान्यांत मधुमेह्यांचे नेत्रपटल तपासणाऱ्या यंत्राने पाचव्या हिश्शाहून अधिक चित्रे नापसंत केली, कारण खोल्यांत पुरेसा अंधार करता येत नव्हता; आणि नापसंत चित्राच्या धन्याला दूरच्या इस्पितळाचा हेलपाटा पडला.

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत रक्तदाबाचा रकाना पाहावा. १२०/८०, १३०/८०, १२०/८०, १२०/८०, पानभर हेच. शेवटचा अंक शून्याखेरीज दुसरा नाही. नर्सबाई आळशी असते असे नाही. दारात साठ माणसे उभी असतात, यंत्राचा पट्टा सैल झालेला असतो आणि संध्याकाळपर्यंत तक्ता वर जावयाचा असतो. तेच पान आता टॅबलेटवर भरले जाते, रोग्याच्या 'आभा' या आरोग्यखात्याच्या क्रमांकाशी जोडले जाते, आणि विद्यापीठातला तरुण त्यावर प्रतिमान चढवतो. जी बाई केंद्रापर्यंत आलीच नाही, ती त्याच्या तक्त्यात शून्य म्हणूनही येत नाही.

अशा संशोधकपदाच्या अटी ठरविणाऱ्या एका समितीवर मी काही वर्षांमागे होतो. नेमणुकीच्या पहिल्या वर्षातील सहा महिने उमेदवाराने एखाद्या नोंदणी केंद्रात, वही भरणाऱ्यांच्या हाताखाली काढावेत, अशी सूचना मी केली. एका विद्वान सभासदाने विचारले, की त्या सहा महिन्यांत त्याचे निबंध कोण लिहील? सूचना पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाली, आणि पुढील बैठकीच्या इतिवृत्तात ती आढळली नाही. पदाला पाच वर्षांचा निधी मंजूर झाला. ज्या बायांच्या नोंदींवर ते पद उभे होते त्यांची नेमणूक अकरा महिन्यांची, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने, अशी होती. आणि त्या खंडाच्या दिवशी कोण जन्मले, कोण मेले, हे दुसऱ्या दिवशी विचारून लिहून घेण्याचा प्रघात होता.