लाल गाडीनं चावंडला

डोंगर चढायचे ते पुरुषांनी आणि कॉलेजातल्या पोरांनी. आपण बायकांनी फार तर लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घ्यावं आणि खाली येऊन चहा प्यावा, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती मोडली वर्गातल्या एका पोरानं. मी मंचरजवळच्या एका शाळेत अर्धा दिवस शिकवते. भूगोलाच्या तासाला कुकडी प्रकल्पातली पाच धरणं (येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे) फळ्यावर लिहून झाली, तेव्हा तो विचारता झाला, "बाई, तुम्ही माणिकडोह पाहिलंय?" मी नाही पाहिलेलं! दोन तासांच्या वाटेवरचं धरण, आणि बाईंनी ते पुस्तकातच पाहिलेलं.

त्याच आठवड्यात ठरलं. शाळेतल्या दोघी, शेजारच्या काकू, माझ्या जाऊबाई, त्यांची मैत्रीण आणि मी, अशा सहाजणी. ह्यांनी विचारलं, "मोटार काढू का?" मी नको म्हटलं. मोटार न्यायची म्हणजे चालवणारा न्यायचा, आणि मग त्याच्या सवडीनं उठायचं, बसायचं. शिवाय १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धंच तिकीट पडतं. सासूबाई म्हणाल्या, "पोरांना मी बघते. संध्याकाळच्या दिव्याला घरात या म्हणजे झालं."

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटेच्या गाडीनं नारायणगाव गाठलं, तिथून जुन्नर. जुन्नरच्या स्टँडवर घाटघरकडे जाणारी गाडी मिळते. या बाजूला फेऱ्या मोजक्याच, म्हणून चढताक्षणी कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. आम्ही ती तळहातावर पेनानं लिहून घेतली.

खोदलेला मुलूख

गाडी शिवनेरीला वळसा घालून पश्चिमेला लागते. खिडकीतून कड्यावरची लेणी दिसतात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. पुढे नाणेघाटात सातवाहनांची राणी नागणिका हिचा लेख दगडात कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईच्या नावानं केलेल्या यज्ञांचा आणि दानांचा हिशेब तिथे अजून टिकून आहे! सगळा मुलूखच असा छिन्नी-हातोड्यानं खोदलेला.

आपटाळे मागे पडलं की रस्ता डोंगरात शिरतो, आणि थोड्याच वेळात माणिकडोहचं पाणी दिसू लागतं. आम्ही चावंडला उतरलो. गड चढायला आम्हांला पाऊण तास लागला. काकूंच्या गुडघ्यांसाठी मध्ये तीनदा बसलो तो वेळ धरून. कड्यातली वाट मात्र उभी आहे. पायऱ्या खडकात कोरलेल्या, आणि १८१८ साली इंग्रजांनी गड घेतल्यावर त्यांपैकी बऱ्याच सुरुंगानं उडवलेल्या. आता लोखंडी कठडे आहेत. त्यांना धरून, खाली न बघता, एकेक पाऊल टाकायचं. काकू म्हणाल्या, "माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावर चढते, त्याहून हे बरं. इथे धरायला तरी आहे."

चांदबिबीनं ज्या लहानग्या बहादूर निजामशहासाठी अहमदनगर लढवलं, त्या पोराला काही काळ याच गडावर कैदेत ठेवलं होतं. पुढे शिवरायांनी गड घेतला आणि त्याचं नाव प्रसन्नगड ठेवलं. माथ्यावर चामुंडा देवीचं लहानसं देऊळ आहे. पण मला सगळ्यांत आवडली ती पाण्याची टाकी. एका ठिकाणी सात टाकी जवळजवळ कोरली आहेत. त्यांना सप्तमातृकांची नावं आहेत. गड बांधणाऱ्यांची रीत मोठी संसारी होती. बांधकामाला दगड हवा, तो गडावरच्याच खडकातून काढायचा. आणि दगड काढून जो खड्डा पडेल त्यात पावसाचं पाणी साठवायचं. दगडही मिळाला, पाण्याची सोयही झाली. भाकरीला लावलेलं पीठ झटकून पुन्हा परातीत टाकणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. काळा पाषाण घट्ट, त्यामुळे पाणी झिरपून जात नाही. मार्चअखेरीलाही त्या टाक्यांत पाणी होतं.

तळ्याच्या काठानं

वरून माणिकडोहचा जलाशय पसरलेला दिसतो. त्याच्या पलीकडे हडसर. गडावरून उतरून आम्ही पूरच्या दिशेनं चालायला लागलो. कधी डांबरी सडक, कधी पाण्याच्या बाजूची पायवाट. रमतगमत दोन तासांची चाल. पूरला कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे; भिंतींवर फार सुरेख कोरीवकाम. कुकडी नदी इथेच उगम पावते.

तळ्याचं पाणी बरंच आत सरलं होतं. भेगाळलेला गाळ, आणि त्यात मधूनच कुणाच्या तरी शेताच्या बांधाची रेघ. मला आमच्या आंबेगावची आठवण झाली. ज्या गावाचं नाव आमच्या तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की त्याची जुनी देवळं वर दिसतात. त्या जलाशयाला आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. तळं दिसायला सुंदर असतंच. पण त्याच्या तळाशी कुणाचं तरी अंगण असतं.

दुपारी एका वाडीत सावली पाहून डबे सोडले. शेजारच्या घरातल्या मावशी न सांगताच कळशी आणि तांब्या घेऊन आल्या. "घ्या बाई, पाणी घ्या." आम्ही प्यायलो. जेवण झाल्यावर हात धुतले. मग माझ्या हातांनी सवयीनं तेलकट डबाही विसळला, ते पाणी फेकलं आणि दुसऱ्या पाण्यानं पुन्हा विसळला. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांची दहा-बारा वर्षांची नात मात्र सांडलेल्या पाण्याकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं रिकामी कळशी उचलली. मी विचारलं, "कुठे निघालीस?" तर म्हणाली, "पाण्याला." आणि तळ्याकडे नाही, डोंगराच्या बाजूला बोट दाखवलं. वाडीची विहीर तळाला गेलेली. डोंगरातल्या झऱ्यावर वाटी वाटीनं कळशी भरायची आणि तेवढं अंतर परत यायचं.

"अहो, पण समोर एवढं धरण…" माझ्या तोंडून गेलंच.

मावशी हसल्या. "धरण खाली, आम्ही वर. पाणी काय डोंगर चढून येतंय?"

कुकडीचं पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. तिकडच्या बायकांनाही त्या पाण्याची तितकीच गरज आहे, हे खरं. पण ज्यांच्या बांधांवरून ते पाणी साठलं, त्यांच्या पोरीनं उन्हाळ्यात कळशी घेऊन डोंगर चढावा, हे काही माझ्या फळ्यावर नव्हतं. मी त्या पोरीबरोबर झऱ्यावर गेले. कळशी भरायला किती वेळ लागला ते सांगत नाही. परत येताना ती मला धरू देईना, एवढंच सांगते. "बाई, तुम्ही सांडाल," म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

तुम्ही जाल तेव्हा

मैत्रिणींनो, हे वाचून जायचं रद्द करू नका. उलट जा, पण तयारीनं.

पाणी घरून न्या, माणशी निदान तीन लिटर. वाडीत मागू नका आणि कुणी दिलं तर प्यायलाच वापरा. हात पुसायला ओला पंचा पिशवीत घालून न्यावा. डब्याला दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची चटणी आणि गूळ-शेंगदाणे. डबा तेलकट होत नाही आणि विसळावाही लागत नाही. लिंबू, मीठ आणि साखर एकत्र करून लहान बाटलीत न्या. गडावरच्या टाक्यांत हातपाय धुऊ नका.

साडीपेक्षा सलवार-कमीज बरी, आणि पायांत पट्टीच्या चपला नकोत, बूट हवेत. अत्तर लावू नका आणि कड्याखाली धूर करू नका, मधमाश्या उठतात. जुन्नर भाग बिबट्यांचा आहे. माणिकडोहला तर त्यांचं निवारा केंद्रच आहे. म्हणून दिवस मावळायच्या आत गाडीत बसलेलं बरं, आणि लहान मुलांना मागे रेंगाळू देऊ नका.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. भर पावसात डोंगराच्या कुशीतल्या वाटा टाळा. ३० जुलै २०१४ रोजी आमच्या तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं दगावली. त्या सकाळी तिकडे गेलेल्या एस.टी.च्या चालकाला नेहमीचं गावच दिसेना, आणि त्याच्यामुळे ती बातमी बाहेर कळली. या डोंगरांत लाल गाडी म्हणजे नुसतं वाहन नाही.

आणि जेवण वाडीतच सांगून ठेवता आलं तर फार चांगलं. भाकरी-पिठलं मिळतं. त्याचे योग्य पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. हिरड्याच्या दिवसांत गेलात तर बाळहिरडा विकत घ्या. इथल्या आदिवासी घरांचा तो मोठा आधार आहे.

आम्हांला परतीची गाडी मिळाली. दिव्याच्या वेळेला घरी पोचले. सासूबाईंनी विचारलं, "काय पाहिलंस गं?" मी गडाचं सांगितलं, टाक्यांचं सांगितलं, आणि मग त्या पोरीचं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आम्हीही आणलंय गं असं पाणी. तुम्ही विसरलात." मोरीतला नळ थोडा गळत होता. त्याच्याखाली त्यांनी तपेली आधीच लावून ठेवली होती. वॉशर बदलायचं महिनाभर राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना आठवणीनं आणलं.