काळ्या रानातली चिकणमाती प्लास्टिकात. पण गुठळी राहिली की घात

उन्हाळ्यात काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात अन् पाऊस पडला की तेच रान फुगून भेगा मिटतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ही करामत मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकण खनिजाची. त्याचा कण म्हणजे पत्त्यांचा कॅटच. एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा जाड. पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर दोन्ही बाजू मिळून सात गुंठे तरी भरतील!

जपानच्या टोयोटा कंपनीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात हेच खनिज नायलॉनमध्ये घातले. शंभर किलोत जेमतेम चार-पाच किलो. भाराखाली नायलॉन साधारण ६५ अंशांना वाकायचे, ते १४५ च्या पुढे गेले. मोटारीच्या इंजिनातल्या पट्ट्याचे झाकण त्यापासून बनले.

सगळी मेख मिसळण्यात आहे. पिठले करताना बेसन नीट घोटले नाही तर गुठळ्या होतात, तसेच इथे. मातीला पाणी प्रिय, प्लास्टिक तेलाच्या जातीचे; दोघांचे जमत नाही. म्हणून मातीला आधी साबणासारख्या क्षाराची प्रक्रिया देतात, मग वितळलेल्या प्लास्टिकात यंत्राने घोटतात. पापुद्रे सुटे झाले तर हवा-ओलाव्याला बांधबंदिस्तीतल्या पाण्यासारखी वळणे घेत जावे लागते. म्हणून खाद्यपदार्थांच्या पाकिटांसाठी याचा उपयोग. गुठळ्या राहिल्या तर मात्र प्लास्टिक तिथूनच तडकते. माती जास्त घातली म्हणजे माल भक्कम, हा हिशेब इथे चालत नाही.

शेतकऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लास्टिक या मातीमुळे उन्हात उलट लवकर खराब होते, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा आच्छादनाचा कागद किंवा ठिबकची नळी घेताना नुसत्या ‘नॅनो’ शब्दाला जादा पैसे मोजू नयेत. उन्हापासून बचावाचे द्रव्य घातले आहे का, किती हंगामांची हमी, हे दुकानदाराला विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

मग आपल्या रानातली माती कारखान्याला विकता येईल का? नाही. तीत चुनखडी, वाळू, लोह, काडीकचरा सारेच मिसळलेले. कारखान्यांना लागते ती खाणीतली बेंटोनाइट माती; आपल्या देशात ती कच्छ अन् बाडमेरकडे निघते.