₹ हे चिन्ह कसे उमटवावे
वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या अंजनवेलीसारख्या गावी घरपट्टीची पावती असो, आंब्याच्या पेट्यांचे बिल असो वा तहसिलीत गुजरावयाचा अर्ज असो, रकमेपूर्वी ‘रु.’ लिहिण्याचा रिवाज जुना आहे, परंतु डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांच्या संयोगातून रचलेले व केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मंजूर केलेले ₹ हे सुबक चिन्हही आता सहज उमटविता येते. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ कळफलक निवडून उजवी ऑल्ट कळ दाबून धरावी व ४ हा आकडा दाबावा. जुन्या फाँटमध्ये मात्र चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन येतो, सबब दस्तऐवज छापण्यापूर्वी रक्कम नजरेखालून घालावी आणि ती अक्षरीही अवश्य लिहावी. धनादेशावर आकडा व अक्षरे यांत तफावत पडल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार अक्षरी रक्कमच ग्राह्य ठरते.