यंत्रे का थरथरतात?

अंबाडी नाक्यावरून एक वाट वाड्याकडे जाते, एक वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे आणि एक भिवंडीकडे. या तिसऱ्या वाटेने शहरात शिरणाऱ्यास यंत्रमागांची ओळख डोळ्यांआधी कानांना पटते, आणि माग चालू असलेल्या इमारतीच्या भिंतीला हात लावला तर कानांइतकीच हाताच्या तळव्यालाही पटते. महाराष्ट्रात यंत्रमागाचा जम प्रथम इचलकरंजीस बसला. तेथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. पुढे हा धंदा भिवंडीत असा फोफावला की, या तालुक्यात मागाशी नाते नाही असे घर शोधावे लागावे. माग म्हटला म्हणजे खडखडाट आलाच, असे आपण गृहीत धरून चालतो. पण ही थरथर कोठून येते, ती कधी निरुपद्रवी असते आणि कधी घातक होते, याचे एक शास्त्र आहे. त्या शास्त्राची तोंडओळख आज आम्हांस करून द्यावयाची आहे.

प्रथम थरथरीचे मूळ पाहू. यंत्रातील वजन जेव्हा दिशा बदलते, तेव्हा त्याला कोणीतरी ओढून धरावे लागते, आणि त्या ओढीची उलट ओढ यंत्राच्या अंगावर येते. गोफण फिरविणाऱ्याच्या मनगटास बसणारी ओढ ती हीच. एखाद्या पंख्याच्या चाकावर मध्यापासून ३० सेंटिमीटरांवर केवळ १० ग्रॅम वजन एका अंगास जास्त आहे असे समजा. हे चाक मिनिटाला १५०० फेरे घेऊ लागले की ते दहा ग्रॅम धारव्यास सुमारे साडेसात किलोच्या जोराने ओढतात. तेच चाक ३००० फेऱ्यांवर नेले तर ओढ पंधरा किलो होत नाही, तीस किलो होते! वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हा येथील पहिला नियम. जुन्या मागाच्या जागी धोटा नसलेले वेगवान माग बसविताना जुन्याच जमिनीवर भिस्त ठेवणाऱ्याने हा नियम विसरून चालणार नाही.

आता आपला साधा माग घ्या. तो मिनिटाला सुमारे १५० वेळा बाणा टाकतो. प्रत्येक वेळी फणी बसविलेली जड चौकट पुढे येऊन सूत ठोकते व मागे जाते. शिवाय अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा धोटा सेकंदाला दहा-बारा मीटर वेगाने एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत अडविला जातो. बारा मीटरांचा वेग म्हणजे तोच धोटा दोन मजल्यांच्या उंचीवरून खाली टाकल्यावर त्याला येईल तेवढा. मिनिटाला दीडशे वेळा दोन मजल्यांवरून धोटा पडावा आणि प्रत्येक वेळी तो झेलला जावा, असा हा प्रकार आहे. माग स्वस्थ कसा राहील?

पण केवळ धक्क्यावरून थरथर किती होईल हे ठरत नाही. दुसरा पक्ष आहे तो धक्का सोसणाऱ्याचा. झोपाळ्याची एक स्वतःची लय असते. लहान मूलही त्या लयीत बोटाने ढकलत राहिले तर मोठ्या माणसाचा झोका उंच जातो, आणि लय चुकवून पहिलवानाने ढकलले तरी झोका अडखळतो. यंत्र, त्याचा पाया, घराचा मजला, खिडकीचे तावदान या प्रत्येकाची अशीच एक स्वाभाविक लय आहे. उभ्या एस.टी. गाडीचे इंजिन मंद चालू असता खिडक्या दात वाजल्यासारख्या वाजतात आणि गाडी वेगात निघाली की त्या गप्प होतात. इंजिनाचा जोर तर वाढलेला असतो. मग खिडक्या का थांबल्या? कारण लय जुळेनाशी झाली. लय जुळून कंप वाढत जाण्यास शास्त्रात अनुनाद म्हणतात.

ही स्वाभाविक लय काढण्याची एक सोपी रीत आहे. यंत्र त्याच्या आधारावर ठेवले की आधार थोडा दबतो. किती दबला ते सेंटिमीटरांत मोजावे, त्याचे वर्गमूळ काढावे, आणि ३०० ला त्याने भागावे. मिनिटाला किती हेलकावे ते अंदाजाने मिळते. एक सेंटिमीटर दबला तर ३००, चार सेंटिमीटर दबला तर १५०, पाव सेंटिमीटर दबला तर ६००. आधार जितका ताठ तितकी लय जलद.

या हिशेबाने बाजारातील रबरी गाद्यांची परीक्षा घेऊ. यंत्राखाली गादी घातली की थरथर थांबते, असा सरसकट समज आहे. ३ मिलिमीटर दबणारी गादी घ्या. तिची लय मिनिटाला सुमारे ५५० येते. नियम असा की, यंत्राची गती या लयीच्या निदान दीडपट असेल तरच गादी धक्का अडवू लागते. १४४० फेऱ्यांच्या विजेच्या मोटरीखाली ही गादी उत्तम काम करते. जमिनीत जेमतेम सहावा हिस्सा धक्का उतरतो. पण १५० च्या मागाखाली? तेथे मागाची गती गादीच्या लयीहून फारच कमी. फणीचा मुख्य हेलकावा गादीतून जसाच्या तसा खाली जातो. कमी होते ती ठोक्यांची तीक्ष्ण कडकड तेवढी. तो हेलकावा तिसऱ्या हिश्शावर आणावयाचा तर १६ सेंटिमीटर दबणारा आधार हवा, आणि तशा आधारावर माग बोटीसारखा डुलू लागेल! म्हणून मंद मागास खरा उपाय म्हणजे तळमजला व वजनदार, ताठ पाया. आपल्या देशात यंत्रांच्या पायांसाठी आय.एस. २९७४ ही मानक संहिता आहे. पाया घालण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून तिच्याप्रमाणे हिशेब करून घेणे पुढील डागडुजीपेक्षा स्वस्त पडते.

माग वरच्या मजल्यावर असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. समजा, मजल्याची लय ६०० आहे आणि माग १५० चा. लयी वेगळ्या, म्हणून भीती नाही, असे कोणी म्हणेल. परंतु झोपाळ्याला दर चौथ्या झोक्यास ढकलले तरी झोका वाढतोच ना? १५० ची चौपट ६०० होते. मागाचा प्रत्येक ठोका मजल्याच्या दर चौथ्या हेलकाव्यास नेमका गाठतो. अशा वेळी पुली बदलून मागाची गती थोडी कमी केली तरी कंप उतरतो. तसे न झाल्यास मजल्याला मध्ये आधार देऊन त्याची लयच बदलावी लागते.

मजल्याखाली राहणाऱ्यांचा आणखी एक अनुभव आहे: थरथर एकसारखी नसते, ती चढते आणि ओसरते. दोन माग शेजारी आहेत, एक १५० चा, दुसरा १५३ चा. मिनिटास तीनदा, म्हणजे दर वीस सेकंदांनी, दोघांचे ठोके एकावर एक पडतात व पुन्हा फाकतात. पुष्कळ माग असले तर एरवी ते एकमेकांचे धक्के बरेचसे खोडून काढतात. पण कधीतरी बहुतेकांची पावले एकदम पडतात. म्हणून पाहणीस आलेल्या माणसाने पाच मिनिटे उभे राहून मजला ठीक असल्याचा निर्वाळा देऊ नये.

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. १८६९ साली रँकिन या थोर शास्त्रज्ञाने असे मत मांडले की, फिरणारा दांडा एका ठराविक वेगापलीकडे चालविताच येणार नाही. स्वीडनच्या द लाव्हालने १८८९ साली आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दामच बारीक, लवचीक दांडा बसविला आणि त्या वेगाच्या पार जाऊन मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतले. धोक्याच्या वेगापाशी दांडा थरथरला, पण तेथून लवकर पुढे गेल्यावर शांत झाला. असे का होते याचा नीट उलगडा जेफकॉटने १९१९ साली केला: त्या वेगापलीकडे चाक आपल्या भूमितीच्या मध्याऐवजी आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागते. कपडे पिळताना धुलाई यंत्र प्रथम थडथडते व वेग चढल्यावर स्थिरावते, त्यातही हेच तत्त्व आहे. धोक्याचा वेग ओलांडता येतो; त्यावर रेंगाळता मात्र येत नाही.

राहता राहिला शेवटचा मुद्दा. कंप हा शत्रू खरा, पण तो निरोप्याही आहे. धारव्यातील गोळी झिजली, पट्टा सैल पडला, पायाचा बोल्ट ढिला झाला की प्रत्येकाची थरथर निराळ्या लयीत उमटते. मोठ्या कारखान्यांत ती मोजण्याची उपकरणे यंत्रावर कायमची बसवितात, आणि कंप मोजणारा बारीक घटक आज खिशातल्या फोनमध्येही असतो. आमच्या भातगिरणीतला किंवा मागावरचा अनुभवी कामगार हे काम हाताच्या तळव्याने करीत आला आहे. तो जेव्हा म्हणतो, "आज आवाज वेगळा आहे," तेव्हा उत्पादन थांबेल म्हणून त्याला गप्प बसविणे हे महागात पडते. यंत्र बंद करून दहा मिनिटे पाहण्यास जो मालक तयार असतो, त्याचा दांडा तुटत नाही, आणि त्याच्या माणसाचा हातही वाचतो.