ओळखीच्या तबल्यापासून अनोळखी ढोलापर्यंत

आरोंद्यात तेरेखोल खाडीपलीकडे गोवा दिसतो, पण मुलांच्या मोबाईलवर तीच तीच दहा गाणी. कारण साधं आहे. आपण जे ऐकतो, तसलंच ॲप पुन्हा समोर ठेवतं. म्हणून वर्गात आम्ही सांगतो, ओळखीचा एक कलाकार घ्या आणि त्याच्यासोबत कोण वाजवतंय ती नावं वाचा.

माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन घ्या. १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम' अल्बममध्ये त्यांच्यासोबत अमेरिकेचे मिकी हार्ट आहेत, ब्राझीलचे एअर्टो मोरेरा आहेत आणि नायजेरियाचे सिकिरू अडेपोजू. अडेपोजूंचा ढोल 'बोलतो'. काखेत धरून दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. योरुबा भाषेत सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थच बदलतो, त्यामुळे जाणकाराला ढोलातून वाक्य कळतं. (मनगट दाबून डग्ग्याचा सूर चढवतात, ते मुलांना लगेच आठवलं.)

उर्दू जाणणाऱ्या घरांनी अरूज आफताबपासून सुरुवात करावी. २०२२ मध्ये ग्रॅमी जिंकणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी कलाकार. गझल हफीज होशियारपुरींची, घरातल्या बुजुर्गांच्या ओळखीची. त्यांच्या 'व्हल्चर प्रिन्स' अल्बममध्ये हार्प वाजवणाऱ्या मेव्ह गिलख्रिस्ट मात्र स्कॉटलंडच्या. आमच्या मुली सध्या त्यांचं ऐकताहेत.